गगनसेनचा शेला

कॉमिकच्या नव्या अंकाचं मुखपृष्ठ बघता बघता परचुऱ्यांचा चहा निवला. तीस वर्षं आकाशात भराऱ्या मारणाऱ्या गगनसेनला टक्कल पडलं होतं, चष्मा लागला होता आणि पोट सुटलं होतं.

"आपल्या देवाची ही थट्टा," म्हणत त्यांनी निषेधाचं पत्र लिहिलं, पहिली सही ठोकली आणि चाहता मंडळाच्या बैठकीत कागद पुढे सरकवला.

सही कुणीच करेना. सगळे एकदा चित्राकडे, एकदा परचुऱ्यांकडे बघत होते.

दर मेळाव्यात शोभेल त्या सभासदाला तांबडा शेला पांघरून गगनसेन होता यायचं. परचुरे आजवर खुर्च्याच मांडत आले होते.

"चष्मा काढू नका," म्हणत अध्यक्षांनी कपाटातून शेला काढला.

परचुऱ्यांनी टकलावरून हात फिरवला आणि पत्राची घडी खिशात टाकली.

"यंदा खुर्च्या कोण मांडणार?" त्यांनी विचारलं.