समासातल्या शंका

प्रुफांचा गठ्ठा त्याने लेखिकेच्या टेबलावर ठेवला. कादंबरी तिने टोपणनावाने लिहिली होती. प्रकाशकाने ती नेमकी ज्या मुद्रितशोधकाकडे तपासायला दिली, त्याच्याशीच तिचं लग्न ठरलं होतं. नऊ दिवस उरले होते.

कादंबरी लग्न ठरलेल्या एका मुलीची होती. होणारा नवरा सज्जन, वक्तशीर, चपला भिंतीला समांतर काढून ठेवणारा. काहीही विचारा, तो ‘होईल सगळं’ म्हणणार. मुलीला मात्र रोज नवी शंका. शेवटच्या पानावर ती लग्न मोडते. लेखिकेला हे तोंडाने सांगायचा धीर होत नव्हता, म्हणून तिने दोनशे दहा पानं लिहिली. तिकडे आई पत्रिका वाटून मोकळी झाली होती.

याने ओळखलं असेल का, हा प्रश्नच नव्हता. दाराबाहेर त्याच्या चपला भिंतीला समांतर होत्या.

मजकुराला हात लावायचा नाही, हा त्याच्या कामाचा नियम. चुका दुरुस्त करायच्या, काही खटकलं तर समासात पेन्सिलीने शंका लिहायची. निर्णय लेखकाचा.

“मुलगी छान जमलीय,” तो म्हणाला. “नवरा पटत नाही. लग्नाआधी इतका निर्धास्त माणूस नसतो.”

तिने पानं उलटली. समास पेन्सिलीने गच्च भरले होते. ‘ही रागावली की गप्प बसते. त्याने जन्मभर अंदाज बांधत बसायचं?’ खाली बारीक अक्षरात, ‘त्याला वाटतं, वर्षभरात ही आपल्याला कंटाळेल.’ अशा एकेचाळीस शंका. ती आधी चिडली, मग हसली, मग तिचे डोळे भरून आले. हा गडी इतके महिने तिच्याइतकाच टरकलेला होता आणि पठ्ठ्याने पत्ता लागू दिला नव्हता. तिला एकदम हायसं वाटलं.

शेवटच्या पानाचा समास मात्र कोरा होता.

“इथे काहीच लिहिलं नाहीस?”

“तिथे काही खटकलं नाही,” तो खाली बघत म्हणाला. “तो तसाच असेल, तर तिने मोडलेलंच बरं.”

तिने त्याच्या खिशातली पेन्सिल काढली आणि अख्ख्या पानावर काट मारली.

“प्रकाशकांना कळव, शेवट नव्याने लिहायचाय, उशीर होईल,” ती म्हणाली. “लेखिकेचं लग्न आहे.”