पिंपातला मासा

पिंपात मासा होता. करंगळीएवढा, चंदेरी, पाण्याबरोबर आलेला नि आता तांब्यात गोल गोल फिरणारा. आंबाजीनं तांब्या उन्हाकडं धरला, डोळे बारीक केले आणि सुनेला हाक मारली.

"शालू, आभाळातनं मासळी कवापासनं पडाय लागली गं?"

शालूबाई दारात आली. पावसाच्या पाण्यात मासा येणार कुठून? आणि पाऊस तरी कुठं होता! उत्तरा कोरड्या गेल्या, हस्ताचा थेंब नाही. तीन आठवडे आभाळ आपलं निळंशार.

ते पिंप म्हाताऱ्यानं स्वतःच्या हातानं केलं होतं. त्याचा मुलगा सोपान लोणावळ्याला रेल्वेत खलाशी. त्यानं डांबराचं एक रिकामं पिंप साहेबाकडून मागून आणलं. आंबाजीनं आत पाचोळा पेटवून डांबर जाळलं, राख नि वाळूनं आठ दिवस घासलं, बुडाशी भोक पाडून बाभळीची खुंटी ठोकली. कौलांच्या वळचणीला उभा चिरलेला बांबू पन्हळीसारखा बांधला. एवढा खटाटोप कशासाठी? तर परसातल्या भाताच्या वाफ्यासाठी.

वाफा दोन खाटांएवढा, पण घरात त्याचा मान देव्हाऱ्याइतका. जर्मनच्या लढाईच्या साली आंबाजीचं गाव धरणात गेलं. घर गेलं, शेत गेलं आणि गाव सोडल्यावर पंधरवड्यात बायकोही गेली. त्यानं सोबत आणलं ते ओंजळभर आंबेमोहोराचं बी. ह्या माळावर शेती कसली, नुसता खडक. चौदा वर्षं तो ते बी वाफ्यात लावायचा, कापायचा, पुढच्या सालासाठी राखून ठेवायचा. त्यातला एक दाणा कुणाच्या तोंडात जाऊ दिला नाही. "जमीन मिळंल तवा बी नको का?" असं म्हणायचा. जमीन काही मिळत नव्हती. पण एक साल जरी दाणा पोचट निघाला, तर त्या शेताचं भात कायमचं संपलं.

आणि यंदा नेमकं भात पोटरीत, लोंबी अजून पोटात असताना पावसानं दगा दिला. वस्तीच्या आडाचं पाणी माणसांना नि गुरांना, वाफ्याला घालायचं नाही, असा सगळ्यांचा नेम. खाली धरण काठोकाठ भरलेलं. पण त्याचं नाव काढायची सोय नव्हती. त्या पाण्याच्या नावानं म्हाताऱ्यानं कधीच आंघोळ केली होती. तिकडची वाट त्यानं पुन्हा तुडवली नव्हती. "त्याचा एक थेंब ह्या बियाला लागला, तर समदा वाफा उपटून टाकीन," असं सोपानला त्यानं बजावलं होतं. आणि आंबाजी बोलेल तसं करणारा माणूस.

शालूबाई बारा दिवस चोरी करत होती. दुपारी म्हातारा देवळात कलंडला, की घागरी घेऊन उतार उतरायची. पिंप पुरतं भरायची नाही, रोज बोटभर कमीच ठेवायची, म्हाताऱ्याला शंका नको म्हणून. काय ती हुशारी! एवढ्याशा माशानं तिच्यावर पाणी फिरवलं.

आंबाजीनं तांब्या खाली ठेवला. वळचणीचा विळा ओढला आणि तो वाफ्यात शिरला.

शालूबाई धावली. सासऱ्यापुढं कधी मान वर न केलेली बाई भाताच्या आडवी उभी राहिली. डोईवरचा पदर कधी पडला, तेही तिला कळलं नाही.

"मामंजी, पाया पडते. मला हाणा, म्हायेरी धाडा, पन ह्याला हात लावू नगा. दूद भरतंय हो दाण्यात!"

म्हाताऱ्यानं तिच्या खांद्यावरून हात पुढं केला. एक लोंबी चिमटीत धरली, दाणा दाबला. नखावर पांढरं दूध आलं. तो बघतच राहिला.

"धरनातलं पानी?"

"व्हय."

"कुटनं भरतीस?"

"काळ्या कातळाच्या खालनं. दुसरीकडं समदा चिखुल हाय. तितं पान्यात चार पावलं गेलं, की पायाला दगडी बांध लागतो. त्यावर उभं ऱ्हाऊन घागर बुडवते."

आंबाजीनं विळा खाली ठेवला. तो वाफ्याच्या कडेला बसला. शालूबाई घाबरली. ती सून होऊन आली ती ह्या माळावर. बुडालेलं गाव तिनं पाहिलंच नव्हतं.

"त्यो आपल्या शेताचा बांध. तुझ्या सासूनं नि मी रचलाय, पोरी," आंबाजी म्हणाला. "लगीन झालं त्या साली. दगूड ती उचलून द्यायची, मी बशिवायचो. मला वाटलं, समदं गाळात गेलं."

तो रडत होता. लपवत नव्हता. शालूबाईलाही आवरेना.

मग तो गुडघ्यावर हात टेकून उठला. एक रिकामी घागर त्यानं आपल्या खांद्यावर घेतली आणि धरणाच्या वाटेला लागला. दुसरी घेऊन शालूबाई मागं निघाली. उतारावर निम्म्यात तो थांबला. वळून न बघताच त्यानं विचारलं,

"दगूड हालत्यात का गं पायाखाली?"

"न्हाई, मामंजी. भरली घागर डोईवर घिऊन उभी ऱ्हाते मी त्यावर."