दोनाने भागायचं

उद्या भौतिकशास्त्राचा पेपर, आणि मास्तरांची लेक प्रतिध्वनीच्या गणितात अजून तीच चूक करत होती. आवाज भिंतीपर्यंत जाऊन परत येतो, म्हणून अंतर काढताना दोनाने भागायचं, हे शंभरदा सांगून झालं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी भर दुपारी मास्तर तिला बंद पडलेल्या रेल्वे बोगद्याच्या तोंडाशी घेऊन आले. पलीकडचं तोंड भिंत घालून कधीच बुजवलेलं होतं.

"हं, ओरड."

"कोण आहे?" ओरडतानाच लेकीने स्टॉपवॉच दाबलं. दोन सेकंदांनी आतून स्पष्ट हाक आली, "कोण आहे?" आणखी दोन सेकंदांनी तीच हाक पुन्हा आली, पण अगदी क्षीण.

लेकीने पहिल्या हाकेचे दोन सेकंद धरले आणि आवाजाच्या वेगाने, तीनशे चाळीसने, गुणले. "सहाशे ऐंशी मीटर!"

"अगं शहाणे, दोनाने भागायचं राहिलं."

"पण बाबा, उत्तर तर बरोबर आलं की!" तिने कमानीवरच्या जुन्या पाटीकडे बोट दाखवलं. लांबी ६८० मीटर. "मग दोनाने कधी भागायचं नसतं?"

"आवाज तिकडूनच निघालेला असतो तेव्हा," मास्तर सवयीने सांगून गेले. मग त्यांना चार सेकंदांनी आलेली ती क्षीण हाक आठवली. प्रतिध्वनी तो होता.

त्यांनी लेकीचा हात घट्ट धरला.