उलटा धूर

हिंदी मुलखात जुन्यातून फुटून नवं राज्य झालं, त्या हिवाळ्यात बीरगावातल्या शेवंताबाईंच्या चुलीचा धूर वर जाईना. चाळीस वर्षं सरळ आभाळात जाणारा धूर धुराड्यातून परत घरात यायचा.

शेवटी मुलानं मिस्त्री पाठवला, सोबत सब्बल, लोखंडी पहार. त्याचा निरोप होता, आज धूर गेला नाही तर चूल फोडायची.

“आधी धुराडं पहा भाऊ,” शेवंताबाईंनी दम दिला.

मिस्त्रीनं, फिरंता त्याचं नाव, काजळी खरवडली. वर दोन फूट पाइप चढवला. थंडीनं नळी गार पडते म्हणून पेटता कागद धरून ती तापवली. छतावरून आपल्या बोलीत, त्यांना आईच्या नात्यानं हाक मारत म्हणाला, “दाई, आरपार दिखत हे.”

चूल पेटवली. धूर हातभर वर गेला, थांबला, खाली आला. पुन्हा वर, पुन्हा खाली. झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा, संथ.

सून अपर्णा दारातूनच म्हणाली, “आई, तोड़ने दो ना. मुझे डर लगता है.”

“मले नाही लागत. लग्न झालं तवापासून ही चूल मीच फुंकून राहिली.”

मिस्त्री खाली आला, त्यानं सब्बल उचलली. शेवंताबाई चुलीपुढं फतकल मारून बसल्या. लोखंडी फुंकणी त्यांनी निखाऱ्यांत खुपसली आणि तोंडाला लावली.

त्या फुंकणार, तोच फुंकणीच्या तिकडच्या टोकातून वारा आला. गाल फुगले. तापल्या निखाऱ्यांतून आलेला तो वारा गार आणि ओलसर होता.

शेवंताबाईंनी छाती भरून घेतली आणि जोरानं उलट फुंकलं.

तिकडून कोणीतरी फुंकणी ओढली.

त्यांनी ती दोन्ही हातांनी आवळून धरली. “ओढ,” त्या चुलीला म्हणाल्या, “पाहू कोण सोडते.”