साहेबांचा दुभाषी

"फेकून द्या त्या बाटल्या," सोपान मास्तर कर्ण्यातून गरजला, आणि मांडवातली दोन-अडीच हजार माणसं एकदम उठून उभी राहिली.

शब्द विलायतेहून आलेल्या धर्मोपदेशक टर्नर साहेबांचे होते. साहेब इंग्रजीत बोलत आणि सोपान ते मराठीत सांगे. लोणावळ्याच्या स्टेशनापलीकडच्या मैदानात प्रार्थनासभेचा तो तिसरा दिवस. एकोणपन्नास सालचा मार्च महिना होता, दुपार टळत आली होती. साहेब हात ठेवतात आणि दुखणं पळतं, ही बातमी मावळभर झाली होती. आंबी-परंदवडीकडची माणसं गाडी धरून आली होती, डोंगरावरच्या वाड्यांतली रात्रीच निघून पायी आली होती. व्यासपीठाच्या कडेला कुबड्या, गंडे-ताईत आणि औषधाच्या बाटल्या यांचा गुडघाभर ढीग साचला होता.

सोपान तळेगावकडच्या एका मिशनच्या शाळेत शिकवायचा. शाळेच्या पाद्रीबाबांनी दुभाषी म्हणून पाठवलं, म्हणून तो आला होता. पहिल्या दिवशी शब्द शोधता शोधता त्याला घाम फुटला. आज मात्र साहेबांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मराठी त्याच्या ओठांवर येत होती. साहेबांचा आवाज चढला की त्याचाही चढे. त्यांचा गळा दाटला की त्याचाही दाटे. आत्ताच सोडावॉटरवाल्या फकरुद्दीननं चार वर्षं आखडलेला हात सगळ्यांदेखत डोक्याच्या वर नेला होता. सोपाननं ते दोन हातांच्या अंतरावरून पाहिलं. असलं काही आपल्याला बघायला मिळेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

आणि मग सारजाबाई पुढे आली. कुरवंड्याच्या वरच्या वाडीतली, मजुरी करणारी. बरोबर दहा-अकरा वर्षांची लेक, नंदा. पोरीच्या एका गालावर भाजल्याची गुळगुळीत खूण होती.

"फेफरं येतं हिला," सारजाबाई म्हणाली. "मागल्या दिवाळीला चुलीत पडली. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या चालू हायती. दोन महिने झालं, आलं न्हाई. पर डाक्टर म्हनला, एक दिस बी चुकवू नगं, चुकली तर लय जोरात यील. किती वर्सं द्यायच्या ते त्यालाबी ठावं न्हाई. तवा म्हनलं, देव कायमचं बरं करील."

सोपाननं सगळं इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी गुडघे टेकले, पोरीच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले आणि डोळे मिटून प्रार्थना केली. मांडवात शिंकसुद्धा ऐकू येईना. नंदा डोळे घट्ट मिटून उभी होती. तिच्या आईच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

साहेब ताडकन उठले. त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांनी त्या ढिगाकडे बोट दाखवलं.

"तिला सांगा, मुलगी मोकळी झाली. आता त्या गोळ्या इथं फेकायच्या. ज्याचा विश्वास आहे त्याला बाटली लागत नाही."

सारजाबाईला इंग्रजी कळत नव्हतं, पण बोट कळलं. तिनं पदराची गाठ सोडून बाटली हातात घेतली आणि सोपानकडे पाहिलं. सगळा मांडव सोपानकडे पाहत होता.

तीन दिवसांत पहिल्यांदाच त्याची जीभ अडली. साहेबांवर त्याचा विश्वास होता. फकरुद्दीनचा हात त्यानं पाहिला होता. पण त्याची नजर त्या पोरीच्या गालावरून हलेना. आपण चुकलो तर देव आपल्याला माफ करील, त्याच्या मनात आलं. पण साहेब चुकले तर ही पुन्हा चुलीत पडेल.

"मावशी," तो म्हणाला, आणि कर्णा तोंडाशी असूनही त्याचा आवाज बारीक आला. "साहेब म्हणतात, देवानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवलाय. आणि गोळ्या चुकवू नका. डॉक्टर थांबवा म्हणेपर्यंत रोज द्या."

सारजाबाईनं बाटली कपाळाला लावली, पदरात पुन्हा घट्ट बांधली आणि साहेबांच्या पायांवर डोकं ठेवलं. मग लेकीचा हात धरून खाली उतरली.

साहेब तिच्या पदराकडे बघत राहिले. मग सोपानकडे वळले. साहेबांनी पुढच्या माणसाला हात केला आणि सभा पुढे सुरू झाली. शेवटच्या गाण्याला मांडव नुसता दणाणून गेला, पण सोपानच्या कानात काही शिरत नव्हतं.

दिवस मावळायच्या सुमारास साहेबांनी त्याला मांडवामागे बोलावलं. एवढा धिप्पाड माणूस एका खोक्यावर अंग चोरून बसला होता.

"त्या बाईला तुम्ही काय सांगितलंत?"

खोटं बोलण्याची सोय उरली नव्हती. "गोळ्या चालू ठेवा म्हणून सांगितलं," सोपान म्हणाला. "तुमच्या नावावर सांगितलं. उद्यापासून दुसरा माणूस बघा, साहेब. मी सकाळच्या गाडीनं जातो."

मैदानातून लोक गात गात घरी निघाले होते. त्यांचे आवाज लांब लांब जात होते.

"माझी मुलगी रूथ नऊ वर्षांची होती," साहेब म्हणाले. "देवानं मला सांगितलं असं मला वाटलं, आणि तिचं औषध मी स्वतःच्या हातानं मोरीत ओतलं. दहावं वर्ष तिनं पाहिलं नाही. आणि आज मी पुन्हा तेच सांगत होतो." त्यांनी मान वर केली. "जाऊ नका, मास्तर. त्या दिवशी देवाच्या आणि माझ्या मधे दुभाषी नव्हता."