हरकतीचं कारण

“काशीनाथशेठ, यंदा कारण लागेल,” मोजणीदार म्हणाला. “चार वर्षं तुम्ही नुसतंच ‘मोजणीला हरकत आहे’ असं लिहून देताय.”

काशीनाथ आपल्या चिकूवाडीच्या कुंपणापाशी उभा होता. त्याने कुसुमबाईकडे पाहिलं. तिने मान फिरवली.

नरपडच्या किनाऱ्यावर उतरायला एके काळी सरकारी पायऱ्या होत्या. कुसुमबाई लग्न होऊन गावात आली, त्याच्या आदल्या वर्षीच्या वादळात त्या गेल्या. तेव्हापासून बायका मासळीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन दोन पुरुष उंचीचा घसरडा काठ चढत होत्या. नव्वदच्या पावसाळ्यात कुसुमबाईची सून यमुना तिथूनच टोपलीसकट खाली आली. पाय मोडला आणि वाकडाच जुळला. यमुना अजून काठी घेऊन चालते. त्या दिवसापासून कुसुमबाईने एकच ध्यास घेतला होता. पायऱ्या झाल्या पाहिजेत.

पण परवानगी कुठे सोपी होती? एक्क्याण्णवपासून किनाऱ्यालगत नवं काही बांधायला बंदी आली. जुनं होतं ते पुन्हा बांधता येईल, पण जुन्या जागेवरच, हातभर इकडे नाही की तिकडे नाही. आणि जुनी जागा कुठली ते कुसुमबाईला पक्कं ठाऊक होतं. सासू मरेपर्यंत सांगायची, पायऱ्या काशीनाथच्या बापाच्या वाडीतून उतरायच्या. म्हणजे शेठने कुंपण घालून त्या गिळल्या, दुसरं काय? नाहीतर माणूस दरवर्षी हरकत कशाला घेईल?

ते कुंपण तरी बघा. विहिरीपासून सरळ समुद्राकडे यायचं आणि कुसुमबाईच्या घराशी आलं की एकदम वळसा घ्यायचं. “वाकडं कुंपण, वाकडा माणूस,” असं ती बाजारात सगळ्या बायकांना सांगायची. चार वर्षांत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. दोनदा तो तिच्या दारात आला, दोन्ही वेळा तिने आतूनच कडी घातली.

“कुसुम,” काशीनाथ हलकेच म्हणाला, “मोजणीची साखळी टाकायच्या आधी दोन मिनिटं बाजूला ये. तुझ्याशी बोलायचंय.”

“जे बोलायचंय ते साहेबांसमोर बोला.”

“साहेबांसमोर बोलण्यासारखं नाही ते.”

“ऐकलंत ना साहेब?” कुसुमबाई म्हणाली. “मला फोडायला बघतायत.”

“आई, ऐकून तर घ्या,” यमुना म्हणाली.

“तू गप बस. तुझ्या पायापायीच चाललंय हे सगळं.”

मोजणीदाराला घाई होती. सकाळी आल्या आल्या त्याने कुसुमबाईच्या मागच्या दारी चहा घेतला होता, तिच्या मासे धुवायच्या काळ्या दगडावर बसून. असा लांबरुंद दगड अख्ख्या आळीत कुणाकडे नव्हता. चहा पिता पिता त्याने तिला तिचाच अर्ज वाचून दाखवला होता. ‘जुन्या जागेवर कोणाचेही बांधकाम आढळल्यास ते पाडून पायऱ्या बांधाव्यात.’ हे वाक्य तिने हट्टाने घालायला लावलं होतं. खाली अंगठा तिचाच होता.

“शेठ, शेवटचं विचारतो. कारण आहे का काही?”

काशीनाथने कुंपणाच्या वळणाकडे पाहिलं.

“नाही,” तो म्हणाला.

“मग हरकत फेटाळली.” मोजणीदाराने फाइलीत तसं लिहिलं आणि शिपायाला हाक मारली.

कुसुमबाईला भरून आलं. तिने यमुनेचा हात घट्ट धरला. चार वर्षं कचेरीच्या व्हरांड्यात बसून काढली होती तिने, भाकरी पदरात बांधून. आता ह्याची चार झाडं गेली तर जाऊ देत.

ठाण्याहून आलेला, पायऱ्यांची जागा दाखवणारा जुना नकाशा मोजणीदाराने जीपच्या बॉनेटवर पसरला. विहिरीजवळच्या हद्दीच्या दगडापासून साखळी निघाली. पहिली साखळी कुंपणाच्या कडेकडेने पडली. दुसरीही तशीच. आता ती कुंपणात शिरणार म्हणून कुसुमबाई वाट बघत राहिली. कुंपण वळलं. साखळी वळली नाही.

“बाई, जरा पुढचं दार उघडा,” शिपाई म्हणाला.

“माझं? कशाला?”

“रेघ सरळ जाते म्हणून.”

तिने दार उघडलं. शिपाई माजघरातून टेप सोडत गेला. टेपाचं टोक चुलीपाशी टेकलं. मोजणीदाराने दोनदा नकाशा पाहिला, आकडा पुन्हा ताडून बघितला, मग मागच्या दाराने बाहेर गेला. काळ्या दगडापाशी उकिडवा बसून त्याने हाताने माती उकरली. दगडाखाली दुसरा दगड निघाला, तेवढाच लांब, तेवढाच रुंद, समुद्राच्या बाजूला एक पाऊल पुढे आलेला.

यमुना काठी धरून उंबऱ्यातच खाली बसली. मोजणीदाराने फाइल उघडली, अर्जावरच्या अंगठ्याकडे पाहिलं आणि कुसुमबाईकडे पाहायचं टाळलं.

“शेठ, तुम्हाला ठाऊक होतं,” तो म्हणाला. “मग कारण लिहायचं होतंत.”

काशीनाथ कुंपणाच्या वळणाशीच उभा होता.

“वादळात हिच्या सासऱ्याची झोपडी गेली, तेव्हा बाबांनी वाडीचा हा कोपरा त्याला तोंडी दिला,” तो म्हणाला. “कारण लिहिलं असतं, तर हे घर तुमच्या कागदावर आलं असतं.”