खडूच्या पलीकडे

मापाची काठी छताला अडली. पालिकेचा माणूस तिथेच खाली बसला आणि त्याने जमिनीवर खडूने रेघ मारली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

"इथून पुढचं धरत नाहीत," तो म्हणाला.

"धरत नाहीत म्हणजे?"

विचारणारी मुलगी उंच होती. माळ्यावरच्या या खोलीत ती फक्त मधोमध ताठ उभी राहू शकायची.

"छत छातीच्या खाली उतरलं की तिथली जमीन मोजायची नाही, ताई. माणूस उभा राहू शकत नाही ना."

रेघेच्या पलीकडे गादी होती, शिलाई मशीन होतं, आणि गादीवर पाय पसरून मुलीची आई बसली होती. ती सुईत दोरा ओवत होती. वर कौलांवर कबुतरं चालत होती. दुपार त्यांच्या नखांनी कौलं हलकेच खाजवत होती, असं वाटायचं.

त्याने आकडे जुळवले. पुन्हा जुळवले. दुसऱ्यांदा जरा हळू.

"एकाची खोली भरते. दोघींची नाही."

जिन्यातून घरमालकाचा आवाज आला, "साहेब, झालं का? माझा खोली भाड्याने द्यायचा परवाना तुमच्या काठीला लटकलाय!"

"आणि आईने कुठे जायचं?" मुलीने विचारलं.

"पालिका मदत करते. वृद्धांच्या निवासात जागा मिळेल त्यांना. चांगलं आहे तिथे. ऊन येतं."

"ऊन इथेही येतं," आई म्हणाली.

येत होतं. छतातल्या काचेतून ते खाली उतरलं होतं आणि खडूवरून सरळ चालत पलीकडे गेलं होतं.

"आजी, नियम तुमच्यासाठीच आहे. असल्या माळ्यांवर लोक माणसं कोंबतात. एकावर एक. मी पाहिलंय." त्याने पाहिलं होतं, ते त्याच्या आवाजात होतं.

"रेघ वाकडी आलीय तुझी."

"जमीनच वाकडी आहे, आजी."

"कपडा बेतताना आम्ही माया सोडतो. ती मापात नसते. पण कापून टाकली तर शिवण घालायची कुठे?"

तो हसला. "अर्जात मायेचा रकाना नाही हो. आणि तिथे उभं राहता येत नाही, हे तर खरं ना?"

आईने सुई गादीत खोचली. उठली. जन्मभर मशीनवर वाकून तिची पाठ कधीच छतासारखी उतरती झाली होती. ती आत चालू लागली, जिथे छत

अजून खाली होतं,

अजून,

आणि तिथे

उभी

राहिली.

डोकं कुठेच टेकलं नाही. वर थोडी हवासुद्धा उरली.

"उभी आहे," ती म्हणाली. "लिही."

वर कबुतरं थांबली होती. रेघेपलीकडची जागा पालिकेच्या माणसाला एकाएकी लांबच लांब दिसू लागली, झोपेत जागा दिसतात तशी. कुठे संपते ते कळेना. त्याने डोळे चोळले.

"नियम एकट्या तुमच्या उंचीचा नसतो, आजी."

"बरं. म्हणजे हा भाग खोलीत नाहीच?"

"नाही."

"मग मीही खोलीत नाही. खोलीत ही एकटी. दे परवाना."

मुलगी खुदकन हसली. मग तिचं हसू कुठेतरी अडलं. तिने पालिकेच्या माणसाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि ती गुडघ्यांवर बसली. रांगत रेघ ओलांडली. खडू तिच्या गुडघ्यांना लागला.

"मला टाकून जातेस होय गं?" ती आईला म्हणाली. "मग मीही नाही खोलीत."

आई परत गादीवर बसली. मुलीने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. आईने गादीतली सुई काढली आणि दोऱ्याला गाठ मारली, जणू आता बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"साहेब, एकदाचं सांगून टाका!" खालून घरमालक ओरडला. "किती माणसांची खोली?"

पालिकेच्या माणसाने इकडेतिकडे पाहिलं. खोलीच्या मधोमध तो उभा होता आणि छत त्याला डोक्यापासून खूप उंच वाटलं. खडूच्या या बाजूला काठी होती, फळीला लावलेले कागद होते, आणि तो होता.

"एकाची," तो म्हणाला. पण इतक्या हळू, की जिन्यापर्यंत काही पोचलं नसावं.

"तिथे एकटा काय उभा आहेस?" आई म्हणाली. तिने गादीवरचं कापड बाजूला सारलं. "ये. वाकून ये. जागा आहे."